टोक

गोंदियाहून निघालेली एसटी गोरेगाव सोडते तेव्हाच भरलेली असते. कोहमाऱ्यापर्यंत मग उभ्यानं यायचं. वरचा दांडा धरला की डोळ्यांपुढं नुसती मनगटं. परवा असाच लोंबकळत येत होतो. समोर सात-आठ मनगटं आणि प्रत्येकावर काही ना काही बांधलेलं. कॉलेजातल्या पोराचा काळा गोफ. एका बाईच्या बांगड्यांमागं दडलेला, धुऊन धुऊन गुलाबी पडलेला देवळातला नाडा. त्याच्या शेजारच्या शर्टाच्या बाहीतून डोकावणारा पांढरा दोरा. तो बौद्धांच्या परित्राण पाठातला, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कंडक्टरच्या हातावर दसरा होऊन गेला तरी राखीचा दोरा होता, वरचं फूल कधीच गळालेलं. फाट्यावर गाडीनं धक्का दिला आणि सगळी मनगटं एकदम एका बाजूला कलली.

काळ्या गोफवाल्या पोराला विचारलं, "कशाचा रे हा?"

"असाच," तो म्हणाला.

उत्तर मला आवडलं. खोटं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक रेल्वेवरची, मोरगावची. दुसरी ही आमची, सडकेवरची. नवा माणूस हमखास चुकीच्या अर्जुनीत उतरतो आणि मग चहाच्या टपरीवर बसून आपलं नशीब उसवत राहतो. गाडीतून उतरून घराकडं चालताना मात्र माझ्या डोक्यात ती मनगटंच होती. एवढ्या दोऱ्यांतला एक तरी कुणी कातला, कुणी वळला, हे त्या मनगटवाल्यांना ठाऊक असेल का? मलाही कुठं ठाऊक होतं.

माझ्या आजीकडं दोऱ्याचा हिशेब कडक असे. फाटक्या लुगड्याची टीप उसवायची तर दोरा तोडायचा नाही, ओढून काढायचा. निघालेला दोरा जोंधळ्याच्या धांड्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवायचा. तोच पुढं गोधडीत जायचा. सुई ओवायला मला बोलवायची, कारण तिला नेढं दिसत नसे. मी टोक तोंडात धरून ओलं करायचो, पीळ द्यायचो, तरी ते फाटायचं. ती म्हणायची, "पीळ उलटा देतेस बाबू. दोऱ्याचा पीळ कुणीकडं आहे ते आधी पाय." प्रत्येक दोऱ्याचा पीळ एका दिशेचा असतो आणि त्याच दिशेनं फिरवला तरच तो घट्ट होतो, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

अमावास्येनंतर बीजेची कोर दिसली की ती अंगणात येऊन पदराची एक दशी उपसायची आणि चंद्राला वाहायची. जुनं घे, नवं दे, असं म्हणायचं. महाराष्ट्रभर ही रीत होती, कुठं कुठं अजून असेल. आजीच्या लुगड्याच्या दशा ओढाव्याच लागत नसत, आपोआप हाताला येत. वर्षानुवर्षं ती चंद्राला जुनं देत राहिली. चंद्र तसा सावकाश माणूस. नवं यायला दिवाळी उजाडायची, कधी पुढची दिवाळी.

आजोबा गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तिरडीवर ठेवायच्या आधी एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन विळ्यानं त्यांचा करदोडा कापला. बाळपणापासून कमरेला होता, जुना झाला की बदलायचा, पण कमर कधी मोकळी राहिली नव्हती. सगळे त्यांना घेऊन गेले. तो काळा, घामानं आणि तेलानं चिकट झालेला दोरा अंगणात पडून राहिला. मला त्याच्याकडं पाहवेना आणि तिथून हलवेना.

पुढं बऱ्याच वर्षांनी बृहदारण्यक उपनिषद मराठीतून वाचताना हा दोरा पुन्हा भेटला. जनकाच्या सभेत उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो, हा लोक, परलोक आणि सगळी भूतं ज्यात ओवलेली आहेत ते सूत्र तुला माहीत आहे का? याज्ञवल्क्य म्हणतो, ते सूत्र म्हणजे वायू. म्हणून तर माणूस मेला की त्याची गात्रं सुटली असं म्हणतात. हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. विळा घेऊन पुढं आलेल्या आमच्या म्हाताऱ्यानं उपनिषद पाहिलेलंही नव्हतं. त्याला रीत ठाऊक होती, एवढंच.

पण त्या सभेतली मला खरी आपली वाटते ती गार्गी. ती उठते आणि विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर मग पाणी कशात ओतप्रोत आहे? उत्तर आलं की त्याच्या पुढचं विचारते, मग त्याच्या पुढचं. शेवटी याज्ञवल्क्य तिला बजावतो, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. 'ओतप्रोत' हा शब्द आपण मराठीत प्रेमानं ओतप्रोत, भक्तीनं ओतप्रोत असा वापरतो आणि मनात कुठंतरी घागर ओतल्याचं चित्र असतं. ओतण्याशी त्याचा काही संबंध नाही. ओत आणि प्रोत म्हणजे उभं आणि आडवं विणलेलं, ताणा आणि बाणा. ('सुतराम संबंध नाही' यातला सुतराम मात्र सुतातला नव्हे, तो संस्कृत सुतराम्. सुतावरून सगळीकडंच स्वर्ग गाठू नये.) गार्गी मागावरची भाषा बोलते आहे. विणलेल्या कापडाकडं बघून हे कशावर ताणलंय, असं विचारायला माग जवळून पाहिलेला असावा लागतो. तिनं पाहिला असणार असं मी धरून चालतो. मला तिचा प्रश्न त्या सभेतल्या सगळ्या उत्तरांपेक्षा पक्का वाटतो.

आमच्या भागात दोरा झाडावर लागतो. हे मी कवितेत बोलत नाही. येन आणि अर्जुन या झाडांचा पाला खाऊन एक जाडजूड हिरवा किडा कोसा विणतो आणि फळासारखा देठानं डहाळीला टांगून ठेवतो. महाराष्ट्रात हे टसर फक्त गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या 4 जिल्ह्यांत होतं. तुतीचा किडा घरात, सुपात वाढतो. हा मात्र जंगलात, उघड्यावर. ते काम परंपरेनं ढिवरांचं. म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं. पावसाळा लागला की त्यांचा एक पाय तळ्यात आणि एक रानात. अंड्यांतून निघालेल्या बारक्या अळ्या झाडावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यायच्या. किडा चार वेळा कात टाकतो. तोवर पाखरं, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून त्याला राखायचं, तेही महिना-दीड महिना, भर पावसात, झाडाखाली.

मध्य भारतातल्या कोसा पाळणाऱ्यांत या दिवसांची जुनी पथ्यं आहेत. किडा झाडावर आहे तोवर मांस-मासळी नाही, संसार बाजूला, अंग स्वच्छ. जन्मभर मासळीवर जगलेला माणूस एका किड्यासाठी ती सोडतो. याला सोवळं म्हणायचं नाही तर कशाला?

आता दुसरं सोवळं बघा. जुन्या ब्राह्मणी घरात पूजेला बसायचं तर रेशमी कद किंवा मुकटा नेसायचा. सुती धोतर पटकन विटाळतं, त्याला रोज धुऊन वेगळं वाळवायला लागतं. रेशीम विटाळत नाही, अशी समजूत. का विटाळत नाही याची कारणं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण ते कापड देवघरात येण्याआधी कुठून कुठून आलं? राखलं ढिवरानं. उकळलं, आतल्या जिवासकट, सोड्याच्या पाण्यात. कातलं कुणी, ते सांगतोच. विणलं कोष्ट्यानं. यातल्या कितीजणांना त्या देवघराचा उंबरा ओलांडता आला असता? हातांना बंदी आणि हातांतून निघालेला धागा मात्र परम शुद्ध. आमच्या शास्त्रांनी 'सूत्र' हा शब्द कातणाऱ्यांकडून घेतला आणि तो परत द्यायचं राहूनच गेलं.

मोहाडीजवळच्या आंधळगावला कोशाचे माग आहेत. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होईपर्यंत आमचा जिल्हा एकच होता, म्हणून आम्हाला ते गाव परकं नाही. तिथं विणकर करवतकाठी लुगडं विणतात. काठाला करवतीच्या दातांसारखे त्रिकोण. काठाचा रंग अंगात घुसू नये म्हणून 3 धोटे चालतात, एक अंगाचा, दोन काठांचे, आणि प्रत्येक ओळीला धागे एकमेकांत अडकवून वळवायचे. माग बघायला लोक येतात, फोटो काढतात. मी गेलो तेव्हा मागाकडं बघून झालं आणि पडवीत बसलेल्या एका म्हातारीजवळ जाऊन टेकलो.

तिच्यापुढं उकळून मऊ झालेल्या कोशांचं टोपलं होतं. ओल्या कोशाला एक उग्र वास येतो, आधी नाक मुरडतं, मग सवय होते. तिनं लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं. चार-पाच कोसे डाव्या हाताशी, त्यांचे तंतू एकत्र करून ती उघड्या मांडीवर तळव्यानं घासत होती. पुढं एकदा, आणि धागा पिळून गुंडाळला जायचा. मांडीचा तेवढा भाग देवळाच्या पायरीसारखा गुळगुळीत, काळसर, चकचकीत. किती वर्षं? लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणाली. धागा तपकिरी, मधासारखा. त्याला वेगळा रंग द्यावा लागत नाही.

एक कोसा मी हातात घेतला आणि वरचा गुंता नखानं उकरू लागलो. तंतू निघायचा आणि बोटभर येऊन तुटायचा. ती बघत होती.

"टोक सापडलं पायजे बाबू," ती म्हणाली. "टोक सापडलं का मंग तो सोताच निंगते."

मग तिनं माझ्या हातातला कोसा घेतला, अंगठ्यानं वरची लव पुसल्यासारखं केलं आणि एक तार उचलली. ती येतच राहिली. मला ते टोक कुठं होतं हे शेवटपर्यंत दिसलं नाही.

दोऱ्याच्या या हिशेबात आणखी एक पान आहे. वऱ्हाड-नागपूरकडं जाडंभरडं देशी कापड विणणं हे महार समाजाचं मोठं काम होतं. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या काळात घरचा माग बंद पडत गेला. माग गेला, माणसं गिरणीत गेली. 1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली. आता त्यांच्या घरी परित्राण पाठ असतो तेव्हा मधे पाण्याचं भांडं असतं, त्यातून निघालेला एक पांढरा दोरा भंतेंच्या हातातून साऱ्या घरादाराच्या हातांतून फिरतो. पाठ चालू असेपर्यंत सगळ्यांनी तो धरून बसायचं, लहान पोरांनीसुद्धा. पाठ संपला की तोच तोडून मनगटांना बांधतात. जे वाचलं जातं ते पालीतलं सुत्त, म्हणजे पुन्हा सूतच. मी एकदा शेजाऱ्याकडं असा बसलो होतो. माझ्या शेजारी त्यांची आजी. तिनं दोरा नुसता धरला नव्हता, अंगठा आणि तर्जनीमध्ये हळूहळू फिरवत होती. बोटांना जुनं काहीतरी आठवत असावं. निदान मला तसं वाटलं.

गांधीजींना हा हिशेब ठाऊक होता. 1924 च्या बेळगाव काँग्रेसनं सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरवली, महिन्याला 2000 वार. पुढाऱ्यांना ती जड गेली आणि वर्षभरात नियम सैल झाला. आमच्या विदर्भात सूत मोजायचं माप चरख्याबरोबर घरोघर पोचलं होतं. 4 फुटांची एक तार, 640 तारांची एक गुंडी. म्हणजे एक गुंडी सूत अर्ध्या मैलाच्या आसपास भरतं. पवनारला 12 फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यात लोक अशी एकेक गुंडी वाहतात, तिला सूतांजली म्हणतात. जो दोरा वाहायचा तो आपण स्वतः कातलेला हवा, ही त्यातली अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण बांधतो त्या दोऱ्यांना ती लावली तर एसटीतली किती मनगटं मोकळी होतील!

वटपौर्णिमेला आमच्या वडाला गुंडाळतात ते सूत पूर्वी पावसाळाभर भिजून, कुजून, दिवाळीपर्यंत मातीला मिळायचं. हल्ली त्यात मधे मधे चकचकीत लाल नाडा असतो, पॉलिस्टरचा. तो कुजत नाही. या वर्षीच्या फेऱ्यांखाली गेल्या वर्षीच्या, त्याखाली त्याच्या आधीच्या, आणि फांदीच्या सालीत रुतलेल्या. बायकांना बोलून उपयोग नाही, दुकानात तेच मिळतं. मी एकदा संध्याकाळी जाऊन विळ्यानं खालचे चार वेढे कापले. कुणी पाहिलं नाही.

आंधळगावहून निघताना म्हातारीनं मला एक कोसा दिला, न उकळलेला, जिवंत. तो मी घरी खिडकीत टांगला. एके पहाटे देठाकडची बाजू ओली दिसली. आतला किडा तोंडातून एक रस सोडतो, त्यानं धागे मऊ होतात, आणि तो ते तोडत नाही, बाजूला सारून बाहेर येतो. तळहाताएवढं पिवळट तपकिरी पाखरू, प्रत्येक पंखावर काचेसारखा डोळा. त्याला खाता येत नाही, म्हणून त्याला फार दिवसही नसतात. रात्री ते उडून गेलं.

कोसा अजून माझ्याकडं आहे. मध्यंतरी एका व्यापाऱ्याला दाखवला. त्यानं बोटावर फिरवून भोक पाहिलं आणि परत दिला. भोक पडलेल्या कोशाची तार अखंड निघत नाही, त्याला भाव कमी मिळतो.