बरणीतली न्याहारी

न्याहारी ही घरातल्या सर्वांनी मिळून करावयाची गोष्ट आहे, अशी आमची आजवरची समजूत होती. लेकाला अंधेरीच्या एका कचेरीत पहाटपाळीची नोकरी लागली आणि ह्या समजुतीला तडा गेला. आम्ही चहाचे आधण ठेवतो तेव्हा तो वसई रोडहून गाडी पकडून केव्हाच कामाला जुंपलेला असतो. भाकरी थापायला त्याच्या आईने उठू लागावे, तर "आई, तू झोप गं" एवढे म्हणून तो दार ओढून घेई. पहिले काही महिने तो उपाशीपोटीच जाई. पुढे त्याला पित्ताचा त्रास सुरू झाला, गालफडे बसली, आणि घरात भरल्या भांड्यांकडे पाहून आम्हांलाच अन्न गोड लागेना.

एके दिवशी त्यानेच बाजारातून ग्रॅनोलाचे पाकीट आणले. दुधात टाकले की झाले, ना चूल ना तवा. आम्ही पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. तेथे ओट्सच्या पाठोपाठ साखरेचाच नंबर होता! मग हे घरीच का करू नये, असे आम्ही ठरविले.

हा पदार्थ मुळात आजाऱ्यांचा. 1863 साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉक्टर जेम्स केलेब जॅक्सन ह्यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे पत्रे भाजून, फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' केला. तो इतका टणक असे की रात्रभर भिजत घातल्याविना दात लागत नसे. पुढे मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या डॉक्टर जॉन हार्वे केलॉग ह्यांनी तशाच पदार्थाला तेच नाव दिले. जॅक्सनसाहेबांची हरकत आली तेव्हा एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' केले. केलॉग हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. मसालेदार अन्नाने विकार चेततात असे ते मानीत. वर्षाचा मसाला कुटून बरण्या भरणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांनी कोणत्या कक्षात दाखल केले असते, कोण जाणे! आजचा ओट्सचा, मधाचा, कुरकुरीत ग्रॅनोला मात्र 1960 च्या दशकापासूनचा.

आमच्या घरचा ओव्हन नाताळच्या केकपुरता वर्षातून एकदा जागा होई. आता तो दर पंधरवड्याला तापतो. तीन वाट्या जाड ओट्स, एक वाटी शेंगदाणे आणि काजूचे तुकडे, मूठभर तीळ, थोडे सुके खोबरे, चवीला दालचिनी आणि मीठ. मीठ विसरू नये, त्यावाचून सारे मचूळ लागते. पाव वाटी तेल आणि तितकीच काकवी किंचित गरम करून त्यात कालवावयाची. मधही चालतो, पण काकवीचा खमंगपणा त्याला नाही. हे मिश्रण ताटात पातळ पसरून 150 अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावे, मध्ये एकदा हलवावे. ओव्हन नसेल त्यांनी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत राहावे. बाहेर काढताना ते मऊच असते. कच्चे राहिले असे समजून पुन्हा आत ढकलू नये, करपते. निवताना त्यातली वाफ निघून जाते आणि गुळाचा पाक घट्ट होतो. चिक्कीचे जे गुपित तेच ह्याचे. गठ्ठे हवे असतील तर गार होईतो हात लावू नये.

बेदाणे भाजण्यात घातले तर खडे होतात, म्हणून सुका मेवा मागाहून घालतात. आम्ही बेदाण्यांऐवजी सुकेळी चिरून घालतो. वसईच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून मधाच्या रंगाला आलेली सुकेळी आता करणारे हात कमी झाले आहेत. मिळाली तर सोडू नयेत. एक खबरदारी मात्र हवी: काकवी झाली तरी ती साखरच, आणि तेल व दाणे मिळून हे अन्न जड होते. अर्धी वाटी पुरे. मधुमेह असलेल्यांनी तर हात अधिकच आखडता घ्यावा.

एक शंका आमच्या मनातून जात नाही. उभ्या उभ्या, एकट्याने, कोणालाही न उठविता खाता येईल असे अन्न करून देऊन आम्ही एकत्र पंगतीची सवय आपल्याच हाताने मोडीत तर नाही? शेजारच्या मावशींना तसे वाटते आणि त्या ते बोलूनही दाखवितात. आम्हांला उत्तर सापडलेले नाही. एवढे खरे की सकाळी उठल्यावर आम्ही प्रथम बरणीकडे पाहतो. पातळी दोन बोटे उतरलेली असेल, मोरीत वाटी उपडी घातलेली असेल, तर लेक खाऊन गेला असे समजावयाचे. रविवारी तो आमच्याबरोबर बसून भाकरी खातो, तेव्हा बरणीला कोणी शिवत नाही.

गेल्या आठवड्यात बरणीच्या झाकणावर त्याने चिकटविलेली चिठ्ठी सापडली: "काकवी थोडी कमी, सुकेळी जास्त." सुकेळी संपली आहेत. शनिवारी आगाशीच्या बाजूला जाऊन पाहणार आहोत.