वेळासचा किनारा आणि कॅमेऱ्याची मर्यादा

सावित्री नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. किल्ल्यावरून रस्ता पुढे गेला की रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव लागते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. परंतु फाल्गुन-चैत्रात येथे जे प्रवासी येतात, त्यांतील फार थोड्यांना नानांची आठवण असते. गळ्यात कॅमेरे अडकवलेली ही मंडळी समुद्रकासवांची पिल्ले पाहण्यासाठी आलेली असतात.

येथे येणारे कासव ‘ऑलिव्ह रिडले’ या जातीचे. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ सुमारे दोन फूट लांब आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. ओडिशाच्या गहिरमाथा व ऋषिकुल्या किनाऱ्यांवर या माद्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी वर येतात. कोकणात मात्र एकेकटी येते. रात्रीच्या अंधारात ती भरतीरेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास पांढरी, गोल, मऊ कवचाची अंडी घालते आणि वाळू लोटून, शरीर डावी-उजवीकडे आपटीत ती दाबून टाकते. मग परतते. पिल्लांचे मुख तिला कधीच दिसत नाही.

ही अंडी पूर्वी खाण्यासाठी व विक्रीसाठी सर्रास उकरली जात. उरलेल्यांवर कोल्हे आणि कुत्री ताव मारीत. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावरील खुणा वाचून घरटे अचूक शोधण्याची विद्या गावातच होती. तीच राखणीच्या कामी लावली गेली. पुढे वनविभाग आणि ग्रामस्थ यांनी हे काम उचलले, कासव महोत्सव सुरू झाला आणि घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. कायद्याने अशी राखण झाली नसती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तर आधीपासून होताच.

पहाटे गस्त घालणारा राखणदार मादीच्या सरपटण्याचा माग पाहून घरटे शोधतो. अंडी न उलटवता अलगद काढून, कुंपण घातलेल्या उबवणकेंद्रात तेवढ्याच खोलीवर पुरतो. सुमारे पन्नास दिवस वाळूची ऊबच त्यांची माता. ऊब अधिक असेल तर माद्या अधिक, कमी असेल तर नर अधिक, असा या जातीचा नियम आहे. दिवस भरत आले की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घातली जाते आणि ती वारंवार उचलून पाहिली जाते.

पिल्लू बोटाएवढे, काळसर राखाडी. वाळूतून वर येताच ते क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावते. निर्मनुष्य किनाऱ्यावर ती बाजू समुद्राचीच असते. येथेच छायाचित्रकाराचा प्रश्न उभा राहतो. मोबाइलचा एक फ्लॅश चमकला, तरी त्या जीवाची दिशा चुकू शकते. चुकलेली दिशा म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि हीच शक्ती त्याला पुढे लाटा फोडून खोल पाण्यात जाण्यासाठी लागते. हजारांत एखादेच पिल्लू प्रौढ होते असा अंदाज सांगितला जातो; अशा जमाखर्चात किनाऱ्यावरचा अपव्ययही लहान मानता येत नाही.

जाणते छायाचित्रकार म्हणूनच फ्लॅश तर बंद ठेवतातच. फोकस साधताना कॅमेऱ्यातून निघणारा लहानसा प्रकाशही बंद करतात. दोरीच्या मागे, वाळूवर पोटावर पडून, लांब पल्ल्याच्या भिंगातून ते पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहतात. उभ्याने घेतलेल्या चित्रात पिल्लू वाळूवरील डागासारखे दिसते. आडवे झाल्यावर समोरची लाट त्याला केवढी भासत असेल ते कळते. संध्याकाळी उजेड कमी असल्याने चित्र दाणेदार येते, कधी हलते. ते तसेच स्वीकारावे. पिल्लाला उचलून तळहातावर ठेवलेले स्वच्छ छायाचित्र कितीही वाहवा मिळवो, ते निसर्गातील कासवाचे छायाचित्र नव्हे.

रात्री अंडी घालायला येणाऱ्या मादीचे चित्र घेण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. पाण्याबाहेर येत असता विजेरी दिसली, तर ती अंडी न घालताच परत फिरते.

पिल्ले साधारणपणे सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास सोडली जातात. (चौविहार पाळणाऱ्यांनी यजमानांना जेवणाची वेळ आधीच सांगून ठेवावी.) एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही. दूरवरून आलेले लोक मग राखणदारावर रुसतात, ‘निदान एक तरी दाखवा’ म्हणतात. घरटे उकरून दाखवणे किंवा निघालेली पिल्ले प्रवाशांच्या सोयीसाठी तासन्‌तास अडवून ठेवणे, दोन्ही अनुचित. ज्यांच्या घरचे उत्पन्न पाहुण्यांवर अवलंबून आहे, अशा माणसाने ‘आज नाही’ म्हणणे सोपे नसते, हे पाहुण्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

कासव हे विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन. ज्ञाताधर्मकथेतील दोन कासवांची कथाही अनेकांच्या परिचयाची आहे: अंगे आवरून स्थिर राहणारे वाचते, उतावीळपणे ती बाहेर काढणारे कोल्ह्यांच्या तोंडी पडते. समुद्रकासवाला मात्र मान आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. किनाऱ्यावर ते उघडेच असते. संयम राखायचा तो पाहणाऱ्याने.

असा दुरून पाहिलेला प्राणीही पुष्कळ सांगून जातो. 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी आढळली. तिच्यावर क्रमांक होता 03233. ही पट्टी 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला बसवलेली होती. पूर्व किनाऱ्यावरील मादी अंडी घालण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर आली होती. श्रीलंकेला वळसा घालून तिने सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापले असावे असा अंदाज केला गेला. दोन्ही किनाऱ्यांच्या कासवांना वेगळे मानणाऱ्या समजुतीला त्या एका क्रमांकाने धक्का दिला.

वेळासला शेवटचे पिल्लू पाण्यात गेले की गर्दी पांगते. राखणदार मागे राहून रिकामे घरटे उकरतो, कवचे मोजतो, न उबलेली अंडी वेगळी काढतो आणि नोंदी करतो: अंडी किती, पिल्ले किती, तारीख कोणती. नंतर टोपली पुढच्या घरट्यावर ठेवली जाते.