ताऊंचा काटा

कंत्राटाच्या फायलीतलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं नियमावल्यांतून आलं आणि उरलेलं तिहार तुरुंगातल्या एका हेड वॉर्डरकडून. झज्जरकडचे हरियाणवी गृहस्थ, मिशा पांढऱ्या, खिशात कायम एक लाल कापडी बांधणीची वही. सगळे त्यांना ताऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला ‘बाबूजी’ म्हणत; वयाने मी पंधरा-सोळा वर्षांनी लहान होतो तरी.

दिल्लीतल्या बदलीत माझ्या वाट्याला पुरवठ्याच्या कंत्राटांवर देखरेख आली : डाळ, तांदूळ, आटा, भाजी, गॅस, वर दुरुस्तीची कामं. जनकपुरीत घर घेतलं होतं, त्यामुळे कचेरी हाकेच्या अंतरावर. तिहारच्या आवारात नऊ तुरुंग. जागा सुमारे पाच हजारांची आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे माणशी मूठभर डाळ कमी पडली तरी दिवसाकाठी पोतीच्या पोती कुणाच्या तरी घशात. हे गणित मी कागदावर मांडून ताऊंना दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “बाबूजी, कागज पे तो तोल हमेशा पूरा सै.”

मग ते मला ड्योढीवर घेऊन गेले. ड्योढी म्हणजे दोन दरवाजांमधली जागा. एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. ट्रक आला की ताऊ वरच्या थरातल्या पोत्यांकडे बघतसुद्धा नसत. खालच्या थरातलं, तेही मधलं पोतं ओढून काढायला लावत, बंबू, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, मारून मूठभर डाळ तळहातावर घेत, फुंकर घालत. पुरवठादाराच्या चलनावरचं वजन वाचायचंच नाही, आपल्या काट्यावर पोतं चढवायचं, बारदानाचं वजन वजा करायचं आणि मगच सही. तेवढ्यावर भागत नसे. त्याच डाळीची वाटीभर लंगरमध्ये, म्हणजे तुरुंगाच्या स्वयंपाकघरात, शिजायला टाकत. जुनी डाळ तासभर उकळली तरी टणकच राहते आणि वर गॅस खाते, हे मला तिथे कळलं. डाळ आणि गॅस, दोन्ही कंत्राटांच्या फायली माझ्याच टेबलावर होत्या. त्यांचा एकमेकींशी संबंध मी कधी लावला नव्हता.

“बाहर दाल पतली मिले तो आदमी ढाबा बदल ले,” ताऊ म्हणायचे, “यो के बदलेगा?” माल परत करायचा हक्क ज्याला नाही, त्याच्या वतीने तो परत करणं हे आपलं काम, एवढं ते साधं होतं. निविदेच्या अटींत हे कुठे लिहिलेलं नसतं. किरण बेदी १९९३मध्ये तुरुंगप्रमुख म्हणून तिथे आल्या, तेव्हा कैद्यांच्या तक्रारींसाठी पेटी फिरू लागली, कैद्यांच्या पंचायती सुरू झाल्या. ताऊ त्या काळाबद्दल आदराने बोलत. पण पेटीत चिठ्ठी पडायच्या आधी डाळ नीट असावी, असा त्यांचा हट्ट.

बाहेरून येणाऱ्या खाण्याबद्दलही ते फार कडक होते, आणि त्याचं एक कारण होतं तिहारमधला कुख्यात कैदी चार्ल्स शोभराज. १६ मार्च १९८६, रविवार. वाढदिवसाच्या नावाखाली त्याने गुंगीचं औषध घातलेली मिठाई पहारेकऱ्यांना वाटली आणि दरवाजातून चालत निघून गेला. ताऊ तेव्हा नवे रंगरूट, त्या दिवशी बहिणीच्या लग्नासाठी रजेवर. नाहीतर पेढा आपणही खाल्ला असता, हे ते मोकळेपणी सांगत. पुढे तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात धरलं. मी मराठी आहे कळल्यावर ताऊंचा पहिला प्रश्न : “झेंडे साहब के मुलुक से हो?” या एका नात्यावर मला कितीतरी सवलती मिळाल्या.

खरं ऋण मात्र पुढचं आहे. एका पुरवठादाराला मी दंड लावला, बिल अडवून धरलं. महिन्याभरात माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला, की हा बाबू पैसे मागतो म्हणून माल नाकारतो. चौकशी लागली. माझ्याकडे नोंदी होत्या, पण त्या माझ्याच हातच्या. ताऊ न बोलावता चौकशीला गेले आणि लाल वही टेबलावर ठेवली. तारीख, ट्रकचा नंबर, चलनावरचं वजन, काट्यावरचं वजन, आणि प्रत्येक नोंदीखाली त्याच पुरवठादाराच्या ड्रायव्हरची सही. सही येत नसेल त्याचा अंगठा. ही वही ठेवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीपर्यंत अजून बरीच नोकरी होती, मुलगा भरतीच्या रांगेत होता. गप्प बसले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. अर्ज दप्तरी दाखल झाला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, चहा पाजा, आणि साखर कमी.

ते निवृत्त झाल्यावर मी आग्रहाने त्यांना गोव्याला नेलं. समुद्रापेक्षा त्यांना ‘ओ कोकेरो’ बघायचं होतं. तिथे टेबलाशी बसलेला शोभराजचा पुतळा आहे. ताऊ त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, फोटो काढू दिला नाही. जेवण झालं. मी हात धुऊन येईतो त्यांनी बिल मागवून घेतलं होतं. चष्मा वर करून ओळ न् ओळ तपासली, बेरीज स्वतः केली आणि पैसे भरून टाकले. माझं पाकीट खिशातच राहिलं.