वहीत उतरलं का?

“मशीनवर ‘जमा’ आलं होतं हो साहेब. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत, व्यवस्थापकांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या पिग्मी एजंट ताई हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या. हातात ते नेहमीचं यंत्र: मोठ्या कॅल्क्युलेटरएवढं, वरच्या बाजूला पावतीच्या कागदाची गुंडाळी. दिवसभर बाजारपेठेत फिरायचं, चहावाला, शिंपी, भाजीवाली, पंक्चर काढणारा यांच्याकडून पन्नास-शंभर रुपये घ्यायचे, जागेवर पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी संस्थेत येऊन दिवसाच्या सगळ्या नोंदी संगणकावर उतरवायच्या, हे त्यांचं नऊ वर्षांचं काम. त्या संध्याकाळी ८७ नोंदी उतरल्या. यंत्राने ‘जमा’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवसासाठी स्वतःची पाटी पुसून टाकली. काही सेकंदांत वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली. वीज परत आली तेव्हा संगणकात ६४ नोंदी होत्या.

रोख पूर्ण होती. रोखपालाने ती मोजून घेतली होती आणि यंत्राने छापलेल्या दिवसाच्या बेरजेशी ती पैन् पै जुळत होती. पैसे होते, त्यातल्या २३ जणांचे कोणाचे किती, एवढंच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पासबुकात नोंद नाही म्हटल्यावर बाजारपेठेत नाव कोणाचं निघालं असेल ते सांगायला नको.

हे प्रकरण माझ्याकडे तपासणीसाठी आलं, त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला. व्हिडिओ गेम, मोबाइल, नवी गॅजेट्स यांवर लिहा, लोक त्यावर भरभरून बोलतात. डेटाबेस मात्र नको, वाचकाला झेपत नाही. सव्वीस वर्षं डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला ही सूचना पाळणं अवघड आहे. कारण गेम अडकला, फोनमधले फोटो गेले, पैसे कापले पण पोचले नाहीत, या रोजच्या तक्रारी लोक पडद्याकडे बघून करतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा पडद्यामागच्या वहीत असतं. संपादकांनी सांगितलेले विषय मी घेतो आहे. फक्त त्यांच्याकडे वहीच्या बाजूने बघतो आहे.

सुरुवात गेमपासूनच करू. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. एका पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा, त्यातला मारिओ सगळ्यांना पाठ. कॅसेट चालली नाही की काढून फुंकायची. त्या मारिओत खेळ राखून ठेवायची सोयच नव्हती. जेवायला हाक आली की मुलं टीव्ही बंद करायची आणि गेम तसाच चालू ठेवायची. रात्रभर अडॅप्टर तापत राहायचा, सकाळी उठून सातव्या जगातून पुढे. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्या जगापासून. स्मृतीतलं आणि लिहून ठेवलेलं यांतला फरक त्या पिढीला अंगावर कळला होता. पुढे ‘सेव्ह’चं बटण आलं आणि तो फरक विसरला गेला.

जिथे राखून ठेवायची सोय होती, तिथेही ती फुकट मिळाली नव्हती. ‘मेट्रॉइड’च्या अमेरिकी आवृत्तीत खेळाडूला २४ अक्षरांचा सांकेतिक शब्द कागदावर उतरवून घ्यावा लागे, म्हणजे लिहून ठेवण्याचं काम माणसाकडे. निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ मध्ये अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये आला, तेव्हा कॅसेटच्या आत एक छोटी बॅटरी होती. यंत्र बंद झालं तरी आतल्या चिपला ती वीज पुरवत राही. आणि तरीही सूचना होती: बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा, मगच वीज बंद करा. वीज उतरत जाण्याच्या त्या क्षणभरात प्रोसेसर भरकटतो आणि राखलेल्या खेळावर काहीबाही लिहून टाकू शकतो. रीसेट धरलं की तो गप्प राहतो. मला ही सूचना फार महत्त्वाची वाटते. ती खेळाडूला खरं सांगत होती, की जपणं हे एक काम आहे आणि ते अर्धवट राहू शकतं.

आता पतसंस्थेचा संगणक. पडद्यावर ‘जमा’ दिसतं तेव्हा नोंद कुठे असते? आधी प्रोग्रॅमच्या स्मृतीत. प्रोग्रॅम ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतो. ती सिस्टिम तिला रॅममध्येच थांबवून ठेवते, कारण रॅम चपळ आणि डिस्क मंद. तिथून नोंद हार्ड डिस्ककडे जाते, पण डिस्कच्या पोटातही एक छोटी रॅम असते, तिला कॅश म्हणतात. बऱ्याच डिस्का नोंद तिथवर पोचली की ‘झालं’ असं कळवून मोकळ्या होतात. चुंबकीय तबकडीवर ती खरोखर लिहिली जाते ती यानंतर. या आधीच्या तीन मुक्कामांपैकी कुठेही असताना वीज गेली, की नोंद गेली.

डेटाबेस बनवणाऱ्यांनी यावर काढलेला उपाय आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला चटकन समजेल. व्यवहार झाला की आधी तो रोजकीर्दीत, जसा घडला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणी: ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर. खतावणी करताना दिवा गेला, दौत सांडली, तरी रोजकीर्द शाबूत असेल तर खाती पुन्हा उभी करता येतात. डेटाबेसही असाच चालतो. खात्याला हात लावण्याआधी तो बदलाची नोंद एका लॉगमध्ये लिहितो, ती पक्की झाल्याशिवाय ‘जमा’ म्हणत नाही, आणि अपघातानंतर उठला की लॉग वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करतो किंवा मागे घेतो. या पद्धतीची सगळ्यांत प्रभावी मांडणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एरीज’ या शोधनिबंधात आहे. त्याचे पहिले लेखक सी. मोहन आयआयटी मद्रासमधून शिकून आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेलेले. ही मांडणी जगभर शिकवली जाते ती ज्या पाठ्यपुस्तकांतून, त्यांतल्या एका मोठ्या पुस्तकाचे सहलेखक एस. सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीत शिकवत आले. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या चोपड्यांवर कुंकू वाहतो, त्यांच्यात आणि या विद्येत मला कधी अंतर वाटलेलं नाही.

इथे एका वादाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लॉग ‘पक्का झाला’ हे डेटाबेसला कसं कळतं? तो ऑपरेटिंग सिस्टिमला एक आज्ञा देतो, ‘एफसिंक’. अर्थ असा: माझं लिखाण डिस्कवर नेऊन टाक आणि मगच मला परत येऊन सांग. मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेस या नामांकित डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की लिनक्सवर ही आज्ञा एकदा फसली की लिनक्स ते पान ‘लिहून झालेलं’ समजून बाजूला करू शकतं. डेटाबेस पुन्हा विचारतो, ‘आता झालं का?’ उत्तर येतं, ‘झालं.’ लिखाण मात्र कुठेच नाही. आणि या ‘झालं’वर विसंबून डेटाबेस आपला लॉग पुसून टाकतो. पुन्हा विचारलं की खरं उत्तर मिळतं, हा समज सुमारे वीस वर्षं तसाच चालत आला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने नियम बदलला: एफसिंक फसलं, तर पुन्हा विचारायचं नाही, तिथल्या तिथे काम थांबवायचं आणि लॉगपासून सगळं नव्याने उभं करायचं.

काही सहकाऱ्यांचं मत असं, की हा फार टोकाचा उपाय झाला. एका चुकीसाठी अख्खा सर्व्हर का पाडायचा? माझं मत ठाम आहे. ज्याला आपण लिहिलेलं खरंच लिहिलं गेलं का हे माहीत नाही, त्याने पुढचा व्यवहार घेऊ नये. ग्राहकाला चार मिनिटं ‘सर्व्हर डाऊन’ दिसेल, तो चिडेल. पण त्या चार मिनिटांत त्याचं खातं वाचवलं जात असतं, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि शिव्या आमच्या लोकांच्या वाट्याला येतात.

पतसंस्थेत मात्र दोष ना पोस्टग्रेसचा होता, ना लिनक्सचा. तो हिशेब साधा आहे. सर्व्हर म्हणून तिथे घरगुती संगणक होता. त्याची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एक नोंद लिहायची, ती पक्की झाल्याचं ऐकायचं, मगच दुसरी घ्यायची, असं करत गेलं तर प्रत्येक वेळी तबकडीने फिरून योग्य जागी यावं लागतं. म्हणून सेकंदाला १२० च्या फारशा वर नोंदी जाऊच शकत नाहीत. मी चाचणी चालवली. आकडा आला ३,४००. डिस्क आपल्या पोटातल्या कॅशमध्ये नोंद ठेवून ‘लिहिलं’ म्हणत होती. यूपीएस धड असता तर कदाचित निभावलं असतं.

मला टोचतं ते पुढचं. वर्षभरापूर्वी त्याच संस्थेची तपासणी मी केली होती. अहवालात यूपीएसची बॅटरी बदला असं लिहिलं होतं, पासवर्डबद्दल लिहिलं होतं. ही चाचणी केली नव्हती. तिला चार मिनिटं लागतात.

लोकांना मात्र वेगाचंच कौतुक. गेम उघडायला वेळ लागला की संगणक जुना झाला, नवं ग्राफिक कार्ड आणा. ‘जीटीए ऑनलाइन’ हा गाजलेला खेळ २०१३ पासून सुरू होता आणि उघडायला कित्येक मिनिटं घ्यायचा. २०२१ मध्ये एका खेळाडूने स्वतःच आत शिरून बघितलं. खेळ सुरू होताना सुमारे ६३,००० वस्तूंची एक यादी वाचली जात होती आणि प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी एकेक करून ताडून बघितली जात होती. म्हणजे जवळपास १९८ कोटी तुलना. खतावणीला अनुक्रमणिका नसली की असं होतं. प्रत्येक नावासाठी पहिल्या पानापासून शोधायचं. त्याने दुरुस्ती केली आणि त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने ती दुरुस्ती स्वीकारली, त्याला १०,००० डॉलर दिले. मधल्या सात-आठ वर्षांत किती जणांनी नवे संगणक घेतले असतील, आणि तरी उघडायची वाट बघतच राहिले असतील.

हातातला मोबाइलही वहीच आहे, किंबहुना वह्यांचा गठ्ठा. संपर्क, निरोप, ब्राउझरचा इतिहास, हे सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतं. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये लिहिला आणि कोणालाही फुकट वापरू दिला. आज जगात असे एक लाख कोटींहून जास्त डेटाबेस वापरात असावेत, असा त्याच्या निर्मात्यांचा अंदाज आहे. फोन हातातून पडतो, चार्जिंग संपून मध्येच मरतो, आणि पुन्हा चालू केल्यावर शेवटचा निरोप जागेवर असतो. ते या छोट्या रोजकीर्दीमुळे. फोन विकत घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारणारा माणूस हे कधी विचारत नाही. त्याच निर्मात्यांनी डेटाबेस कशाकशाने बिघडतो याची यादी ठेवली आहे, आणि ‘लिहिलं’ म्हणून खोटं सांगणारी डिस्क त्या यादीत आहे.

बॅकअपचं काय, हा प्रश्न व्याख्यानांत हमखास येतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत दमलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या; वेळेला एकही नीट चालली नाही. शेवटी योगायोगाने सहा तासांपूर्वी काढून ठेवलेली एक प्रत सापडली, तिच्यावर भागलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, दुरुस्ती लोकांसमोर थेट दाखवली. तसा प्रामाणिकपणा मी आपल्याकडच्या संस्थांत फार थोड्यांदा बघितला आहे. इथे पहिली प्रतिक्रिया असते: एजंटकडूनच काहीतरी झालं असेल.

त्या ताई दोन दिवस उन्हातून दुकानोदुकानी फिरल्या, पावत्या गोळा करत. पावतीचा कागद उष्णतेने छापला जातो आणि उष्णतेनेच काळा पडतो. २३ पैकी २१ पावत्या वाचता आल्या, त्या नोंदी संगणकात पुन्हा चढल्या. उरले दोघे. चहावाल्याने पावती स्टोव्हच्या मागे खिळ्याला अडकवली होती, ती कोळशासारखी झाली होती. शिंप्याची हरवली होती. रोखीत शिल्लक रक्कम दीडशे. म्हणजे एकाचे शंभर, एकाचे पन्नास. दोघांनाही विचारलं. दोघेही विचार करून म्हणाले, शंभर असतील. दोघेही खोटं बोलणारे नाहीत. ताई पदरचे पन्नास घालायला तयार होत्या. नोंदीशिवाय पैसे घेता येत नाहीत म्हणून संस्थेने ते घेतले नाहीत, आणि नियमाने ते बरोबरच होतं.

संस्थेने आता नवा सर्व्हर घेतला आहे, डिस्कची कॅश बंद ठेवली आहे, चाचणीचा आकडा ११७ येतो. नोंदी उतरताना पूर्वीपेक्षा वेळ लागतो, त्याची तक्रार कर्मचारी करतात. ते दीडशे रुपये संस्थेच्या सस्पेन्स खात्यात अजून पडून आहेत.