चैत्यभूमी : ‘मी’ या सर्वनामाचे वाचन

स्मारकाविषयी लिहिताना समीक्षक सहसा शिल्प, उंची, कोरलेला मजकूर यांपासून सुरुवात करतो. दादरच्या चौपाटीवरील चैत्यभूमीपाशी ही पद्धत फारशी उपयोगी पडत नाही. चौकोनी वास्तू, तिच्यावर लहानसा घुमट, सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारे प्रवेशद्वार, अशोकस्तंभ आणि पाठीशी समुद्र, एवढाच तिचा विस्तार. ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. त्याच वेळी, त्याच वाळूवर, असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली. स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. जवळच इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर भव्य स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. तथापि दर ६ डिसेंबरला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात ते या लहान घुमटासाठी.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे साहित्यसिद्धान्त शिकवला आणि निवृत्त झालो. चैत्यभूमीवर मात्र कधी गेलो नव्हतो. गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सोबत येण्याचा आग्रह केला. त्याचे कुटुंब दरवर्षी जाते. शिदोरी, पांघरुणे, लहान मुले आणि घरातली म्हातारी माणसे यांच्यासह रात्रभराचा प्रवास करून आम्ही दादरला उतरलो. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, मांजरा. त्याच्या थोरल्या मावशीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तोही एका ६ डिसेंबरलाच.

शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीच्या ओळी होत्या. जाडजूड ग्रंथांना लागूनच पातळ पुस्तिका, गीतसंग्रह, दिनदर्शिका, तसबिरी. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी मी अनेक चर्चासत्रांत बोललो आहे. त्या बोलण्यात या वाचकवर्गाची गणना नव्हती. ही उणीव माहितीची नव्हती, दृष्टीची होती.

मावशींनी एक पुस्तिका घेतली : बावीस प्रतिज्ञा. रांग हळूहळू सरकत होती. त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, “गुरुजी, जरा मोठ्यानं वाचा की. मला अक्षर येत नाही.”

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी या प्रतिज्ञा दिल्या, हे मला ठाऊक होते. मजकूरही परिचयाचा होता. मी वाचू लागलो. प्रारंभीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत, देवादिकांच्या आणि कर्मकांडाच्या. मी वाचत गेलो, मावशी बोटांच्या पेरांवर मोजत गेल्या. मधेच त्यांनी मला थांबवले. “गुरुजी, मधली एक राहिली.” पान मागे उलटून पाहिले. खरोखरच राहिली होती. मला वाटले नजर चुकली. पण सुटलेली ओळ होती श्राद्ध आणि पिंडदान यांच्या नकाराची, आणि दोनच महिन्यांपूर्वी मी वडिलांचे श्राद्ध केले होते. नजर नेमकी तेथेच चुकावी, याला योगायोग म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. मी ती ओळ वाचली. आवाज खाली गेला होता. आजूबाजूची चार-पाच माणसे ती पाठ म्हणत होती, त्यांचा आवाज मात्र स्पष्ट होता.

एमिल बेनव्हेनिस्त या भाषावैज्ञानिकाने दाखवून दिले की ‘मी’ या सर्वनामाला स्वतःचा स्थिर अर्थ नाही. जो उच्चारतो तो ‘मी’. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. त्या आकृतीत उच्चारणाऱ्याला किंमत मोजावी लागत नसे. प्रतिज्ञांची संहिता नेमकी याच सर्वनामावर उभी आहे. तिच्यातला ‘मी’ एकट्या कर्त्याचा राहत नाही. ती म्हणणारा प्रत्येक जण त्या जागी उभा राहतो आणि तेथून माघारी फिरणे सोपे नसते. येथे वाचक संहितेचा अर्थ लावीत नाही, तो संहितेला बांधला जातो. आमच्या वाचककेंद्री समीक्षेने वाचकाच्या स्वातंत्र्याचा विचार खूप केला, त्याच्या बांधिलकीचा फारसा केला नाही.

मला १९७८ आठवले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे मारले गेले. मी तेव्हा विद्यार्थी होतो. वसतिगृहातील चर्चेत मी म्हणालो होतो, “या प्रश्नाला दोन बाजू आहेत.” नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत मी प्राध्यापक झालो, लेख लिहिले आणि त्यांत ‘असे म्हणता येईल’, ‘असे दिसते’, ‘प्रस्तुत लेखकाला वाटते’ अशी वाक्ये वापरली. ती शास्त्रीय शिस्त आहे असे मी मानत आलो. तिच्या आडोशाला काय राहिले होते, हे मला त्या रांगेत कळले.

संध्याकाळी आम्ही स्तूपापर्यंत पोहोचलो. मावशींनी मेणबत्ती लावली, वाकून नमस्कार केला आणि पुस्तिका पिशवीत जपून ठेवली. घरी नात ती रोज वाचणार होती. मी त्यांना म्हणालो, “मावशी, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, मग मला का वाचायला लावलंत?”

“पाठ असलं म्हणून काय झालं?” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.”

मी त्या प्रतिज्ञा वाचल्या. घेतल्या असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. हा फरक मला कळतो, आणि तो पुसून टाकणारे कोणतेही सिद्धान्तन यापुढे मी करणार नाही.