लॅन बंद पडायची तेव्हा

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या छोट्या ऑफिसांत लॅन म्हणजे टेबलांखालून फिरणारी एक काळी कोॲक्शियल केबल. प्रत्येक मशीनच्या मागे टी-कनेक्टर, केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. वेग १० मेगाबिट, एका सेगमेंटची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर आणि त्यावर ३० जोडण्या. सकाळी केर काढताना झाडू एखाद्या कनेक्टरला लागला, की माळेतला एक बल्ब निसटावा तसं सगळं ऑफिस एकदम बंद. टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. मग कोणाचंच कोणाला कळत नाही.

त्यानंतरची शोधाशोध मला आजही मनापासून आवडते. मधल्या मशीनपाशी केबल सोडवायची, तिथे जवळचा टर्मिनेटर लावायचा आणि कुठली बाजू जिवंत आहे ते बघायचं. मेलेली बाजू पुन्हा अर्धी करायची. त्याआधी मल्टिमीटर. सगळी मशीनं बंद करून मधल्या एखाद्या टी-कनेक्टरवर मोजलं की साधारण २५ ओहम दिसायला हवेत, कारण दोन टोकांचे दोन ५० ओहम समांतर जोडलेले असतात. ५० दिसले की समजायचं, एका बाजूची वाट तुटली आहे. उंदरांनी कुरतडलेली केबल, पावसाळ्यात गंजलेला कनेक्टर, कोणीतरी ढकललेलं कपाट अशी कारणं निघत. सुटे भाग आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि तिथे कान उपयोगी पडायचे. मोडेमचा डायल टोन, मग शिट्टी, मग खरखर. रोज ऐकून तो क्रम इतका ओळखीचा झाला होता, की फोन लाइन मेलेली आहे, पलीकडून कोणी उचलत नाही, की उचलून वेगावर जुळत नाही, हे पडद्याकडे न बघता सांगता यायचं.

पुढे हब आले आणि आठ तारांची केबल. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: हा क्रम बोटांत बसलेला. हबचा कोलिजनचा दिवा किती वेळा लुकलुकतो यावरून गर्दीचा अंदाज यायचा. आणि हबची मोठी गंमत म्हणजे, एका पोर्टवर आलेलं सगळं तो बाकीच्या सर्व पोर्टवर पाठवायचा. कुठल्याही कोपऱ्यात मशीन जोडा, अख्ख्या ऑफिसचा संवाद समोर. ते पकडून दाखवणारं टीसीपीडम्प १९८८ पासून होतं. व्यापारी ॲनालायझर मात्र आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले नव्हते. १९९८ मध्ये गेराल्ड कॉम्ब्स यांनी इथिरिअल फुकट खुलं केलं (२००६ पासून तेच वायरशार्क) आणि गल्लीतल्या टेक्निशियनच्या हाती तेच सामर्थ्य आलं. टेलनेट, मेल, एफटीपी, सगळं साध्या अक्षरांत वाचता येई. पासवर्डसुद्धा! प्रोटोकॉल आम्ही पुस्तकापेक्षा तिथे जास्त शिकलो.

तो उघडेपणा गेला हे चांगलंच झालं. लोकांचे पासवर्ड दुरुस्तीला आलेल्या माणसाला दिसणं कधीच योग्य नव्हतं. आता स्विच आपल्यापुरतंच दाखवतो, बाकीचं बघायला पोर्ट मिररिंग लावावं लागतं. तेही लावलं तरी आतला मजकूर टीएलएसने बंद. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक प्रोटोकॉलमध्ये तर पॅकेटचे क्रमांक आणि पोचपावत्याही कूटबद्ध असतात.

तरी टीसीपीच्या जोडण्या अजून भरपूर आहेत आणि त्या बरंच सांगतात. ‘नेट स्लो आहे’ ही आजची सर्वांत मोठी तक्रार घ्या. ग्राहकाच्या मशीनवर कॅप्चर लावा. जोडणी सुरू करणारं सिन पॅकेट गेल्यापासून त्याचं उत्तर, सिन-ॲक, परत येईपर्यंतचा वेळ मुख्यतः रस्त्याचा. पुढे विनंती गेली, तिची पोचपावती लगेच आली, पण उत्तराचा पहिला बाइट दीड सेकंदाने आला, तर नेटवर्क निर्दोष आहे. वेळ सर्व्हरवर जातो आहे. रीट्रान्समिशन भरपूर दिसली तर वाटेत पॅकेट गळतात, आणि वाय-फाय असेल तर आधी केबल लावून तीच चाचणी परत करा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि सोसायटीत घरोघरी राउटर. झिरो विंडो दिसली तर घेणाऱ्या मशीनलाच डेटा उचलायला सवड नाही. यातलं काहीही बघायला मजकूर उलगडावा लागत नाही.

साधनं तेव्हापेक्षा कितीतरी पटींनी चांगली आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेलं पिंग आजही पहिलंच हत्यार आहे. फरक वेगळ्या जागी पडला आहे. आम्हाला ठणठणीत नेटवर्क कसं असतं हे वेगळं शिकावं लागलं नाही. मोडेमची खरखर, हबचे दिवे, मीटरवरचे २५ ओहम रोज समोर होते, म्हणून बिघाड झाला की वेगळेपण लगेच टोचायचं. आजचं नेटवर्क गप्प आहे. डॅशबोर्डवर हिरवा ठिपका असतो, मग एक दिवस तो लाल होतो, आणि नवा मुलगा राउटर बंद-चालू करून बघतो. त्याचा दोष नाही, कारण निरोगी नेटवर्क त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून नव्या टेक्निशियन मित्रांना कळकळीची विनंती आहे. ज्या ऑफिसची देखभाल तुमच्याकडे आहे, तिथे मालकाची परवानगी घेऊन, सगळं सुरळीत चालू असताना, कामाच्या ऐन गर्दीच्या वेळी दहा मिनिटांचं कॅप्चर घ्या. सिन ते सिन-ॲकचा वेळ, डीएनएसच्या उत्तराचा वेळ, रीट्रान्समिशनचं प्रमाण वहीत तारखेसह लिहा, फाइल जपून ठेवा आणि दर काही महिन्यांनी हे पुन्हा करा. तक्रार आल्यावर घेतलेल्या कॅप्चरला तुलना लागते, आणि ती त्या दिवशी तयार करता येत नाही.