जिथे रस्ता संपतो

डिंभ्याला फाटा फुटतो. भीमाशंकरची सगळी वर्दळ एका बाजूला निघून जाते आणि आहुप्याचा रस्ता सायकलवाल्याच्या वाट्याला येतो. मोटारींना इथे बंदी वगैरे नाही. पण आहुप्याला सह्याद्रीचा कडा लागतो आणि डांबर संपतं. खाली मुरबाडकडे खोपिवलीला उतरायचं तर पायवाटेनंच. ज्या रस्त्यावरून पुढे कुठेच जाता येत नाही, त्यावर गाड्या येतील कशाला? एखादी एसटी, एखादी जीप, बाकी गुरं.

डाव्या-उजव्या वळणांत डिंभे धरणाच्या हुतात्मा बाबू गेनू सागराचं पाणी दिसत-लपत राहतं. चढावर वेग इतका पडतो की रस्त्यासाठी कापलेला कातळ वाचता येतो: काळा बेसाल्ट, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमध्ये उसंत मिळाली तिथे असे तांबडे पट्टे दिसतात. मोटारीच्या काचेतून ही नुसती दरड दिसते. (मला तर दम खायला बरं निमित्त मिळतं.)

उन्हाळ्यात वाड्यांच्या अंगणांत बाळहिरडा वाळत असतो. महादेव कोळी घरांचा हा हक्काचा पैसा. कड्यावरून गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड दिसतात. भैरवनाथाची देवराई गर्द आहे.

खाली कोकणात गाडीरस्ता व्हावा, असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दवाखाना-बाजारासाठी गावाला तो हवासा वाटला, तर मात्र मला बोलायचा हक्क नाही. तुम्ही येणार असाल तर मोटार डिंभ्याच्या अलीकडे घोडेगावातच ठेवा आणि जास्तीची ट्यूब बरोबर घ्या.